सुतार पक्षी आणि घराचे लाकूड



आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते एका सुताराविषयी. हा सुतार मजुरी मागत नाही, हत्यारे उसनी नेत नाही, आणि बोलावल्याशिवायच कामावर हजर होतो. मात्र तो करतो ते काम आपल्याला हवे असते असे नाही. तुम्ही ओळखले असेलच. मी सुतार पक्ष्याबद्दल बोलतो आहे.

निमित्त असे झाले. माझा एक पुतण्या अमेरिकेत असतो. तिथे त्याने गावाबाहेर, रानाला लागून, एक लाकडी घर घेतले. गेल्या वसंत ऋतूत एके दिवशी त्याचा फोन आला. म्हणाला, "काका, आमच्या घराची भिंत एक पक्षी पोखरतोय. पहाटे पाच वाजता सुरू करतो. झोप गेली, आणि आता भिंतही जाणार." पाठोपाठ त्याने फोटो पाठवला. पाहतो तो काय, भिंतीच्या फळीला लिंबाएवढे गोल, स्वच्छ भोक! गिरमिटाने पाडावे तसे. मी त्याला विचारले, "अरे, भिंतीला भोक पाडतो म्हणजे काय? विटा कुठे गेल्या?" तो हसला. तिकडच्या घरांना विटांची भिंत बहुधा नसते, हे मी विसरलोच होतो.

पुतण्याच्या या अडचणीवर मी थोडे वाचन केले, माहितगारांना विचारले. त्यातून जे हाती आले ते आपल्याही उपयोगाचे आहे असे वाटले. कारण आपली भिंत विटामातीची असली तरी डोक्यावरचे आढे, तुळया आणि वासे लाकडाचेच आहेत. आणि माझ्या लहानपणी आमच्या गोठ्यात जे घडले त्याचा अर्थही मला इतक्या वर्षांनी नीट लागला. ती हकीकत मी पुढे सांगतो.

हत्यारे कशी आहेत?

आधी या कारागिराची हत्यारे पाहू. सुतार पक्ष्याची चोच म्हणजे सुताराची पटाशीच. सरळ, टणक आणि टोकाला धारदार. पायाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे, त्यामुळे उभ्या खोडाला तो चिमट्यासारखा घट्ट धरतो. शेपटीची पिसे राठ आणि ताठ असतात. ती खोडाला टेकवून तो मागे रेलतो. दोन पाय आणि शेपूट मिळून तिवईच झाली म्हणा ना!

आणि जीभ? ती तर नवलाची गोष्ट आहे. ती लांबलचक असते, आणि तिला आधार देणारी हाडे कवटीच्या मागून वळसा घेऊन डोक्यावर आलेली असतात. भोक पाडले की ती जीभ आत सोडायची आणि बिळातली अळी ओढून काढायची.

आता मुले हमखास विचारतात, "गुरुजी, इतके डोके आपटून त्याला चक्कर कशी येत नाही?" याचे उत्तर पूर्वी असे देत, की त्याच्या कवटीत गादीसारखी रचना असते आणि ती धक्का शोषून घेते. पण २०२२ साली शास्त्रज्ञांनी वेगवान कॅमेऱ्यांनी या पक्ष्यांची चित्रे घेऊन मोजमाप केले, तेव्हा निराळेच दिसले. कवटी धक्का शोषत नाही. ती हातोड्यासारखी ताठ राहते, आणि ते शहाणपणाचेच आहे. हातोड्याला कापूस गुंडाळून खिळा ठोकला तर खिळा आत जाईल का? मेंदू बचावतो तो लहान आहे म्हणून. लहान आणि हलक्या मेंदूला तेवढा धक्का सोसतो. शिक्षक मित्रांनी वर्गात आता हे नवे उत्तर सांगावे.

घर का पोखरतो?

लाकूड हे सुतार पक्ष्याचे खाणे नव्हे. मग तो घरावर का येतो? याची चार कारणे आहेत, आणि त्यांतले कोणते आपल्याला लागू आहे हे ओळखल्याशिवाय उपाय सुचत नाही.

पहिले कारण म्हणजे दवंडी. सुतार पक्ष्याला कोकिळेसारखा गळा नाही. विणीचा हंगाम आला की "ही जागा माझी आहे, दुसऱ्याने इकडे येऊ नये, आणि जोडीदारिणीने अवश्य यावे" हे तो चोचीने वाजवून सांगतो. एका सेकंदात पंधरा-वीस ठोके पडतात. त्यासाठी तो वठलेली पोकळ फांदी शोधतो, कारण पोकळ वस्तू जास्त घुमते. घराची फळी पोकळीवर बसवलेली असली, पावसाच्या पाण्याची पन्हळ पत्र्याची असली, किंवा धुराड्यावर पत्र्याचे टोपण असले, तर त्याला आयताच ढोल मिळाला! पत्र्यात अळी नसते हे त्याला ठाऊक असते. त्याला आवाज हवा असतो. अशा ठिकाणी फळीवर उथळ खळगे पडतात, आणि विणीचा हंगाम सरला की हा उपद्रव बहुधा आपोआप थांबतो.

दुसरे कारण पोटाचे. फळीच्या आत किडा, अळी किंवा मुंगी असली की तो ती काढायला येतो. अशी भोके लहान, वेडीवाकडी आणि बहुधा ओळीने असतात. अमेरिकेत लाकूड पोखरणारे भुंगे घरांच्या फळ्यांत आणि कडेच्या पट्ट्यांत लांब बिळे करून अंडी घालतात. सुतार पक्षी ते बीळ बाहेरून फोडत जातो आणि एकेक अळी वेचतो. भुंग्याने बोटभर भोक केलेले असते, पक्षी त्याची हातभर चर करून ठेवतो. घरमालकाला दिसतो तो पक्षी, भुंगा दिसत नाही.

तिसरे कारण घराचे. तो आपले घरटे पोकळीत करतो, आणि रात्री निजायलाही त्याला पोकळी लागते. ती तो स्वतः कोरतो. असे भोक मोठे, गोल आणि सुबक असते. माझ्या पुतण्याच्या भिंतीला पडले होते ते हेच. फळीमागे घर उबदार राहावे म्हणून मऊ भरण भरलेले असते. पक्ष्याला वाटते, वरून टणक आणि आतून कुजून मऊ झालेले हे झाड फार बेस आहे!

चौथे कारण कणगीचे. अमेरिकेच्या पश्चिमेला, कॅलिफोर्नियाकडे, सुतार पक्ष्याची एक जात ओक वृक्षाची फळे साठवून ठेवते. एकेका झाडाच्या सालीत हजारो लहान भोके पाडून प्रत्येकात एक फळ ठोकून बसवायचे, आणि वर्षभर पुरवून खायचे. जवळ लाकडी घर असले की त्याच्या भिंतीचीही कणगी होते. आपण धान्य साठवतो, तोही साठवतो. फरक एवढाच की तो दुसऱ्याच्या भिंतीत साठवतो.

अंतराळयानाला पडलेली भोके

हा पक्षी फसतो कसा याचे एक मजेचे उदाहरण सांगतो. १९९५ सालच्या मे महिन्याच्या अखेरीची गोष्ट. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील तळावर 'डिस्कव्हरी' नावाचे अंतराळयान उड्डाणासाठी उभे होते. त्याच्या इंधनाच्या मोठ्या टाकीवर तांबूस रंगाच्या घट्ट फेसाचे आवरण होते. आतले इंधन अतिशय थंड राहावे, आणि बाहेर बर्फ साचू नये, म्हणून ते दिलेले. फ्लिकर नावाच्या सुतार पक्ष्यांच्या नजरेला ही टाकी पडली. उंच, उभी, वरून किंचित कडक आणि आतून मऊ. त्यांना ते मेलेले झाडच वाटले, आणि त्यांनी घरटी कोरायला सुरुवात केली. पाहता पाहता सुमारे २०० भोके पडली. काही अर्ध्या इंचाची, काही चार इंच रुंद!

उड्डाण पुढे ढकलावे लागले. तेवढे प्रचंड यान तळावरून परत आत नेऊन आवरण दुरुस्त करावे लागले, आणि शेवटी ते १३ जुलै १९९५ रोजी उडाले. नंतर पक्ष्यांना भिवविण्यासाठी प्लास्टिकची घुबडे, मोठे डोळे रंगवलेले फुगे, भोंगे, असे नाना उपाय केले गेले. अवकाशात माणूस पाठवणाऱ्यांना एका वीतभर पक्ष्याने थांबवले. पण यात पक्ष्याचा अपराध काय? त्याला जे झाडासारखे दिसले, तिथे त्याने झाडावर करायचे ते केले.

तिकडे उपाय काय करतात?

पुतण्याने मला विचारले, "काका, एक छर्ऱ्याची बंदूक आणू का?" मी त्याला म्हटले, "आधी तिथला कायदा बघ." अमेरिकेत १९१८ सालापासून पक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा आहे. त्याखाली सुतार पक्ष्याला परवान्याशिवाय मारता येत नाही, त्याची अंडी किंवा पिले असलेले घरटेही मोडता येत नाही. आपल्याकडेही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याचे कवच या पक्ष्याला आहे. तेव्हा मारण्याची गोष्ट दोन्हीकडे सोडून द्यायची. आणि कायदा नसता तरी एक मारून काय होणार? जागा सोयीची असेपर्यंत दुसरा येणारच.

मग करायचे काय? कॉर्नेल विद्यापीठातील अभ्यासकांनी लोकांच्या घरांवर सहा उपाय करून पाहिले, आणि त्याचा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध केला. प्लास्टिकचे घुबड, वाऱ्यावर हलणाऱ्या चकचकीत पट्ट्या, दोऱ्याला टांगलेले खोटे डोळे, निजण्यासाठी लाकडी पेटी, खाण्यासाठी चरबीची वडी, आणि शिकारी पक्ष्याचा व घाबरलेल्या सुताराचा ध्वनिमुद्रित आवाज, असे ते सहा उपाय. त्यांपैकी थोडाफार भरवशाचा ठरला तो एकच: चकचकीत पट्ट्या. त्यानेही सगळीकडे गुण आला असे नाही. बुजगावण्याचा अनुभव आपल्या शेतकऱ्यांना आहेच. पहिले चार दिवस पाखरे दबकतात, पाचव्या दिवशी त्याच्याच डोक्यावर बसतात. प्लास्टिकच्या घुबडाचेही तेच. ते हलत नाही, मान वळवत नाही, हे पक्ष्याला लवकर कळते. पट्टी मात्र वाऱ्याने हलते, फडफडते, ऊन पडले की चमकते, म्हणून तिचा धाक जास्त दिवस टिकतो.

सर्वांत खात्रीचा उपाय जाळ्याचा. छपराच्या पुढे आलेल्या कडेपासून खाली भिंतीपर्यंत बारीक जाळे ताणून बांधायचे. ते भिंतीला चिकटलेले नको, निदान तीन इंच अंतर हवे. नाहीतर पक्षी जाळ्याला लटकून आत चोच घालतो. बाजू बंद हव्यात आणि जाळे ताठ हवे. सैल जाळ्यात पक्षी अडकून मरतो, आणि तसे होऊ द्यायचे नाही.

दवंडी पिटणारा पक्षी असेल तर ढोल बंद करायचा. फळीमागची पोकळी भरून काढायची, किंवा पत्र्यावर काही दिवस जाड कापड बांधायचे. आवाज घुमेनासा झाला की पक्षी दुसरी जागा बघतो. किड्यांसाठी येत असेल तर आधी किडे घालवायचे. नुसते भोक बुजवून किडे आत ठेवले तर पक्षी शेजारी नवे भोक पाडणार. आणि मोठे भोक असेल तर बुजवण्यापूर्वी आत अंडी किंवा पिले नाहीत याची खात्री करून घ्यायची. मग लाकडाचा तुकडा बसवून, वर लांबी भरून, रंग द्यायचा. हे काम लवकर करावे. एक भोक दिसले की दुसऱ्या पक्ष्यालाही तिथे काहीतरी आहे असे वाटते, आणि पावसाचे पाणी आत शिरते ते निराळेच.

चिकट डिंकासारखे काही भिंतीला फासण्याचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नये. ते पिसांना लागले की लहान पक्षी उडू शकत नाहीत आणि मरतात.

माझ्या पुतण्याने भोक पाहिले, ते रिकामे होते. त्याने ते बुजवले, रंग दिला, वर पट्ट्या टांगल्या. घराच्या मागे एक वठलेले झाड होते, ते तोडायचे त्याच्या मनात होते. मी म्हटले, "ते राहू दे. घरावर पडण्याच्या अंतरात नसेल तर राहू दे. पाहुण्याला त्याची खोली दे, म्हणजे तो तुझ्या खोलीत येणार नाही." त्याने ऐकले. आता पहाटे त्या झाडावर ठोके पडतात, आणि हा कूस बदलून झोपतो.

आमच्या गोठ्याची गोष्ट

आता ती हकीकत सांगतो. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. आमचे घर कोकणात. घराच्या मागे गोठा होता. तिन्ही बाजूंनी उघडा, वर कौले, आणि मधोमध आंब्याच्या लाकडाचा जाड खांब. त्या खांबावर एका उन्हाळ्यात सोनेरी पाठीचा, लाल तुऱ्याचा सुतार पक्षी येऊ लागला. रोज सकाळी टक टक टक. खांबाच्या वरच्या अंगाला त्याने चांगले तळहाताएवढे खोदले. आजोबा वैतागले. "हा मेला गोठा पाडणार," असे म्हणाले. आमच्या गड्याने बेचकी घेतली, आणि दुसऱ्याच दिवशी तो पक्षी खाली पडला. मी तो हातात घेतल्याचे मला आठवते. अजून ऊन होता. आजोबांनी खळग्यात शेणमाती भरली, आणि सगळे ते विसरले.

पुढच्या वर्षी आषाढात एका रात्री मोठा वारा-पाऊस झाला आणि तो खांब मोडला. नेमका त्या खळग्यापाशी मोडला नाही. त्याच्या खाली, हातभर अंतरावर, जिथे बाहेरून लाकूड धडधाकट दिसत होते तिथे मोडला. तुळई खाली आली. आमची कपिला नावाची गाय तिच्याखाली सापडली. तिचा मागचा पाय मोडला, आणि चौथ्या दिवशी ती गेली. सकाळी खांब पाहिला तर आत लाकूड असे उरलेच नव्हते. वाळवीने आणि मुंगळ्यांनी पोखरून पोखरून नुसते टरफल ठेवले होते. हाताने चुरा होत होता.

आजोबा त्या मोडक्या खांबापाशी बराच वेळ बसले. मग एवढेच म्हणाले, "ते पाखरू सांगत होते, आणि आम्ही ऐकले नाही."

आपल्यात म्हण आहे, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. आम्ही तेच केले. रोग खांबाला होता, औषध पक्ष्याला दिले. त्या दिवशी खांबाला हातोड्याचे दोन ठोके मारून पाहिले असते तर पोकळ आवाज आला असता, आणि खांब बदलून घेता आला असता. गाय वाचली असती, पक्षीही वाचला असता.

आपण काय करावे?

बंधू-भगिनींनो, आपल्याकडे सुतार पक्षी घराला सहसा त्रास देत नाही. पण वाड्याच्या खांबावर, गोठ्याच्या मेढीवर किंवा कुंपणाच्या लाकडावर तो पुन्हापुन्हा येऊन टोचू लागला, तर ती सूचना समजावी. पावसाळ्यापूर्वी, वैशाखात, घरातले सगळे लाकूड ठोकून पाहावे. बद्द, पोकळ आवाज आला, किंवा जाड दाभण सहज आत गेले, तर तो वासा किंवा खांब बदलावा. लाकडाखाली पिठासारखा भुगा पडत असेल तर घुणा लागला आहे. मातीची नळी वर चढताना दिसली तर वाळवी आहे. आणि बोट जाईल असे गुळगुळीत गोल भोक दिसले, खाली जाड भुसा पडलेला असला, तर तो काळ्या भुंग्याचा उद्योग आहे.

हा मोठा काळा भुंगा लाकूड खात नाही. तो आत बीळ करून अंडी घालतो आणि पिलांसाठी पराग साठवतो. दरवर्षी तेच बीळ वाढवत नेतो, म्हणून वासा कमजोर होतो. पण तोही आपला वैरी नव्हे बरं का! रुईच्या आणि तुरीच्या फुलांवर हिंडून परागवहन करणारा तो मोठा कामकरी आहे. रंग किंवा तेल दिलेले लाकूड त्याला आवडत नाही. तेव्हा वाशांना वर्षाआड तेल द्यावे, भुंगे उडून गेल्यावर जुन्या बिळांत लाकडी खुंट्या ठोकून ती बंद करावी, आणि बांबूची उघडी तोंडे मातीने किंवा चुन्याने बुजवावी. कोकणात काजूच्या टरफलांचे तेल लाकडाला लावतात, वाळवीला ते चांगले आवरते. मात्र ते कातडीला लागले तर फोड येतात, म्हणून हाताला फडकी गुंडाळून, मुलांना दूर ठेवून लावावे.

बांबू वापरण्यापूर्वी काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवण्याची आपली जुनी रीत आहे. ती शास्त्राला धरून आहे. बांबूतले पिठूळ सत्त्व पाण्यात निघून जाते आणि घुण्याला खायला उरत नाही. खांब सरळ मातीत पुरू नये. खाली दगडी बैठक द्यावी, म्हणजे ओल वर चढत नाही आणि वाळवीला चोरवाट मिळत नाही.

बागेतही हाच पक्षी आपला पहारेकरी आहे. आंब्याच्या खोडात भिरूड शिरतो, नारळात सोंड्या भुंगा शिरतो. बाहेरून झाड हिरवेगार दिसते आणि आत पोखरण चालू असते. एखाद्या झाडावर सुतार पक्षी एकाच जागी पुन्हापुन्हा टोचताना दिसला, तर जवळ जाऊन पाहा. भुसा पडतो आहे का? नारळाच्या खोडातून तांबूस चिकट रस गळतो आहे का? तसे दिसले तर वेळ न लावता सहायक कृषी अधिकाऱ्याला बोलवा. पक्षी टोचतो तिथे दर वेळी कीड असतेच असे नाही, कधी तो नुसते घरटे करत असतो. पण पाहून येण्यात आपले काय जाते?

आपल्या महाराष्ट्रात सहज दिसणारे सुतार ओळखायलाही सोपे आहेत. सोनपाठी सुतार मैनेपेक्षा मोठा, पाठ सोनेरी पिवळी, डोक्यावर लाल तुरा, आणि उडताना खिदळल्यासारखा ओरडतो. दुसरा लहान, बुलबुलाएवढा. काळपट अंगावर पांढरे ठिपके, कपाळ पिवळे आणि पोटावर लाल डाग. याचे नाव ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. तो 'मराठा सुतार'. १८०१ साली लॅथम नावाच्या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिले तेच मुळी आपल्या मराठी मुलखावरून. आजही जगभरच्या पुस्तकांत तो 'महरट्टेन्सिस' म्हणून ओळखला जातो. तिसरा तपकिरी सुतार. सह्याद्रीच्या रानात झाडावर मुंग्यांची चेंडूसारखी घरटी असतात ना, त्या मुंग्यांच्या घरट्यातच तो आपले घरटे करतो! मुंग्या त्याचे खाणे, आणि त्यांच्याच घरात त्याची पिले वाढतात.

सुताराने कोरलेली जुनी बिळे वाया जात नाहीत. पुढे त्यांत पोपट राहतात, मैना राहते, दयाळ राहतो, पिंगळा राहतो. यांतल्या बहुतेकांना स्वतः लाकूड कोरता येत नाही. म्हणजे रानातल्या किती बिऱ्हाडांची घरे हा एकटा सुतार बांधून देतो पाहा. बांधावरचे प्रत्येक वठलेले झाड आपण सरपणाला तोडले तर ही सगळी बिऱ्हाडे उघडी पडतात. म्हणून रस्त्यावर किंवा घरावर पडण्याचे भय नसेल तर एखादे वठलेले झाड उभे ठेवावे. तेवढ्या सरपणाने चूल काही फार दिवस जळत नाही.

शिक्षकांसाठी दोन शब्द

शिक्षक मित्रहो, या विषयावर एक सोपा पाठ घेता येईल. मुलांना शाळेजवळच्या जुन्या झाडाखाली सकाळी अर्धा तास शांत बसवावे. ठोके ऐकू आले तर मोजायला सांगावे. सावकाश आणि थांबून थांबून पडणारे ठोके म्हणजे खाणे शोधणे किंवा बीळ कोरणे. ताशासारखा एकसलग गजर म्हणजे दवंडी. पक्षी नर होता की मादी, कोणत्या झाडावर होता, कोणत्या महिन्यात होता, एवढे वहीत लिहायला सांगावे. वर्षभरात वर्गाची चांगली नोंदवही तयार होईल. सोनपाठी नराचा माथा पुढून मागेपर्यंत लाल असतो. मादीचा पुढचा माथा काळा, त्यावर पांढरे ठिपके, आणि लाल रंग मागेच. दोन दिवसांत मुले हे तुमच्यापेक्षा लवकर ओळखू लागतील.

आणि एक घरचा अभ्यास द्यावा. पावसाळा लागण्यापूर्वी प्रत्येक मुलाने वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन आपल्या गोठ्याचे खांब आणि वासे ठोकून पाहावे, आणि काय आढळले ते दुसऱ्या दिवशी वर्गात सांगावे. कुणाच्या तरी घरचा एखादा पोकळ खांब त्यात नक्की सापडेल, आणि तो वेळेवर बदलला जाईल.

बेचकी मात्र मुलांच्या खिशातून काढून घ्यावी. आमच्या गड्याची बेचकी फार नेमकी होती. तिचा नेम चुकला असता तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते.